विश्लेषण : मद्य महागले, पण पेगचे माप कोण पाहते?

राज्य मंत्रिमंडळाने १० जून २०२५ रोजी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवण्याचा निर्णय घेतला. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या १८० मिलीलिटर बाटलीची, म्हणजे क्वार्टरची, किमान किरकोळ किंमत २०५ रुपये झाली. हिंगोलीतील परमिट रूम असो वा मुंबईतील बार, सुटे मद्य विकले जाते ते पेगच्या मापाने. भाव वाढले की या मापाचे महत्त्वही वाढते.

‘पेग’ आला कुठून?

एकोणिसाव्या शतकात भारतातील इंग्रजांच्या बोलीत ब्रँडी-सोड्याच्या प्याल्याला ‘पेग’ म्हणत. लष्करी छावण्या आणि क्लबांमधून हा शब्द रुळला. अशीच एक छावणी हिंगोलीत होती. तेथे निजामाच्या खर्चाने चालणारे, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिन्जंट हे सैन्य असे. १९०३ मध्ये ते ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन झाले. छावणी गेली, शब्द राहिला.

पेग म्हणजे नेमके किती?

लहान पेग ३० आणि मोठा ६० मिलीलिटरचा. एका क्वार्टरमध्ये सहा लहान पेग बसतात. ब्रिटनमध्ये हेच माप २५ किंवा ३५ मिलीलिटर असते. बारमध्ये त्यासाठी धातूचे छोटे मापभांडे वापरतात.

ग्राहकाचे नुकसान कसे होते?

प्रत्येक पेगमध्ये ५ मिलीलिटर कमी ओतले, तर सहा पेगमागे एक अख्खा पेग गायब होतो. वैधमापन शास्त्र कायदा, २००९ नुसार विक्रीसाठी वापरले जाणारे माप पडताळणी करून मुद्रांकित केलेले असावे लागते. त्यामुळे पेग आपल्यासमोर, मुद्रांकित मापाने ओतण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा. फसवणूक झाल्यास वैधमापन यंत्रणेकडे तक्रार करता येते.

आरोग्याशी संबंध काय?

भारतातील बहुतेक व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे लहान पेगमधून सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते, मोठ्या पेगमधून त्याच्या दुप्पट. घरातल्या पेल्यावर मापाची रेघ नसते. तिथे ‘दोनच घेतले’ याचा अर्थ चार किंवा पाच लहान पेगही होऊ शकतो. वाहनचालकासाठी १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तर मद्याचे कोणतेच प्रमाण सुरक्षित नाही. माप अचूक असले, तरी ते प्रमाण सांगते. सुरक्षिततेची हमी देत नाही.