दुखणे डॉक्टरला सांगितले, गावाला नव्हे



दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण जे बोलतो, ते कित्येकदा सख्ख्या भावालाही सांगत नाही. पाळी चुकली, मूल राहत नाही, दारू सुटत नाही, रात्रभर झोप लागत नाही, थुंकीतून रक्त पडले, हे सारे सांगितल्याशिवाय औषध लागू पडत नाही. म्हणून आपण ते विश्वासाने सांगतो. ही माहिती म्हणजे आपण दुसऱ्याकडे ठेवलेली ठेव आहे. ठेव ज्याच्याकडे ठेवली त्याने ती सांभाळायची असते, बाजारात मांडायची नसते.

ही ठेव फुटली तर नुकसान कोणाचे होते? पैसेवाल्याचे दुखणे स्वतंत्र खोलीत आणि बंद दारामागे राहते. आपल्याकडे रांगेतल्या पन्नास माणसांसमोर नाव पुकारून रोग विचारला जातो. घरकाम करणाऱ्या बाईला क्षयरोग झाल्याचे एका घरी कळले, की चारही घरची कामे जातात. नियमित औषध सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांपासून होणारा संसर्ग काही आठवड्यांतच पुष्कळ कमी होतो, पण ही गोष्ट ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही. कोणाची सोयरीक मोडते, कोणाची भाड्याची खोली जाते. म्हणून ‘आम्हा गरिबांचे काय लपवायचे आहे?’ असे कोणी म्हणाले तर मानू नका. ज्याची रोजी दुसऱ्याच्या मर्जीवर चालते, त्यालाच गुप्ततेची गरज सर्वांत जास्त असते.

पूर्वी ही माहिती केसपेपरवर आणि कंपाउंडरच्या रजिस्टरात असे. आता तिने जागा बदलली आहे. शहरातल्या लहानमोठ्या दवाखान्यांनी वेबसाइट काढल्या आहेत. नंबर लावायचा तर मोबाइलवर फॉर्म भरा, असे सांगतात. त्यात नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर आणि ‘काय त्रास होतो?’ असा रकाना असतो. आपण भरतो आणि बटण दाबतो. पुढे त्या माहितीचे काय होते, हे समजून घेऊ.

पहिली गोष्ट अशी की, तो फॉर्म थेट डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात जात नाही. वेबसाइट बहुधा दुसऱ्याच एखाद्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर असते. तिथे माहिती साठते आणि मग दवाखान्यात पोहोचते. म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये तिसरा माणूस आला.

दुसरी गोष्ट कुकीची. कुकी म्हणजे वेबसाइटने आपल्या मोबाइलमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी. काही चिठ्ठ्या कामाच्या असतात. फॉर्मचे दुसरे पान भरताना पहिले पान पुसले जाऊ नये, यासाठी त्या लागतात. पण काही चिठ्ठ्या जाहिरातवाल्यांच्या असतात. या मोबाइलवरून कोणते पान पाहिले गेले, मधुमेहाचे की गर्भपाताचे, याची नोंद त्यांच्याकडे जाते. मग दोन दिवसांनी त्याच मोबाइलवर तशाच औषधाची जाहिरात येते आणि मोबाइल त्या वेळी मुलाच्या हातात असतो.

ही कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेत गुडआरएक्स ही औषधांच्या सवलतीची माहिती देणारी कंपनी आहे. ग्राहकांची आरोग्याची माहिती तिने फेसबुक आणि गुगलसारख्या कंपन्यांना दिली, असा आरोप तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने ठेवला. २०२३ साली हे प्रकरण १५ लाख डॉलरच्या दंडावर मिटले.

तिसरी गोष्ट चोरीची. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या कॉम्प्युटरवर सायबर हल्ला झाला. कितीतरी दिवस तिथे कागदावर हाताने नोंदी करून काम चालवावे लागले. एवढ्या मोठ्या रुग्णालयाची ही गत झाली, तर गल्लीतल्या दवाखान्याने किती काळजी घ्यायला हवी, याचा विचार करा.

मग वेबसाइट वापरूच नये का? तसे नाही. रोजंदारी बुडवून तीन तास रांगेत बसण्यापेक्षा घरून नंबर लागणे केव्हाही चांगले. पण चांगला दवाखाना आपल्या वेबसाइटवर काही गोष्टी स्पष्ट लिहितो. कोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो, कोणाला देतो, किती दिवस ठेवतो, ती दुरुस्त करायची किंवा पुसायची असेल तर कोणाला भेटायचे, आणि तक्रार कोणाकडे करायची. हे कुठेच लिहिलेले नसेल, तर फोन करून नंबर लावा. फॉर्म भरावाच लागला, तर त्रासाच्या रकान्यात ‘तपासणीसाठी’ एवढेच लिहा. बाकीचे डॉक्टरांना समोर सांगा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ सालचे नियम सांगतात की, उपचार करताना कळलेली रुग्णाची गुपिते डॉक्टरने उघड करू नयेत. न्यायालयाचा आदेश, दुसऱ्या ठरावीक व्यक्तीच्या किंवा समाजाच्या जिवाला गंभीर धोका, आणि सरकारला कळवणे बंधनकारक असलेले रोग, एवढेच अपवाद आहेत. त्याच नियमांत असेही आहे की, रुग्णाने आपले कागद मागितले तर ते ७२ तासांच्या आत द्यायचे. कागद आपल्याला द्यायचे आणि इतरांपासून जपायचे, असे हे दुहेरी कर्तव्य आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. या हक्काचे मूळ आपल्याला परके नाही. बाबासाहेबांनी मार्च १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ हा मसुदा तयार केला. माणसाचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांची विनाकारण झडती होऊ नये, असे कलम त्यांनी त्यात मूलभूत हक्क म्हणून घातले होते. ते घटनेत तसेच्या तसे आले नाही. पुढे सत्तर वर्षांनी न्यायालयाने खाजगीपणाला घटनेत जागा आहे असे सांगितले.

एचआयव्हीसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. रुग्णाच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, आणि नोकरीची अट म्हणून ती मागता येत नाही. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. त्या स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही.

मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या माहितीसाठी २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. आपल्याला हक्क देणारी मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याचे त्यात ठरले आहे. माहिती घेण्याआधी कशासाठी घेतो हे सांगावे लागेल, आणि ते मराठीतही वाचायला मिळण्याची सोय असावी लागेल. दिलेली संमती मागे घेता येईल. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र दोन उणिवा लक्षात ठेवा. हा दंड सरकारी तिजोरीत जातो, रुग्णाच्या हाती काही पडत नाही. आणि नुसत्या कागदी रजिस्टराला हा कायदा लागू नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. क्षयरोगाची नोंद सरकारकडे करणे २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. तो विश्वासघात नव्हे. त्या नोंदीवरच औषधे मिळतात आणि पोषणासाठीचे महिन्याचे पैसे बँकेत जमा होतात. ती रक्कम आधी ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० झाली. नाव कळेल म्हणून उपचार टाळू नका. सरकारी नोंद वेगळी, आणि मालकिणीला किंवा मुकादमाला सांगणे वेगळे. पहिले कायद्याने करायचे आहे, दुसऱ्याचा हक्क कोणालाही नाही.

आता घरात करण्यासारख्या गोष्टी सांगतो.

१. दवाखान्यात स्वतःचाच मोबाइल नंबर द्या. शेजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा दिला, तर रिपोर्टचा निरोप त्यांच्याकडे जातो. घरात एकच मोबाइल असेल, तर ‘मेसेज पाठवू नका, मी येऊन रिपोर्ट घेईन’ असे सांगा.

२. मोबाइलच्या दुकानात फॉर्म भरून घेतला, तर रिपोर्ट आणि आधारचा फोटो तिथल्या कॉम्प्युटरवरून आपल्यासमोर पुसायला सांगा.

३. ओटीपी विचारल्याशिवाय सांगू नका, आणि विचारला तर कशासाठी ते आधी विचारा. चौदा आकडी आभा क्रमांक काढणे ऐच्छिक आहे. त्यावरून कागद दाखवायचे की नाही, हे संमती देणाऱ्याच्या हातात असते.

४. वेबसाइटवर कुकीची चौकट आली, तर ‘नाकारा’ किंवा ‘फक्त आवश्यक’ असे बटण शोधा. नंबर लावायला तेवढे पुरते.

५. कोणाचाही रिपोर्ट, मग तो सहानुभूतीने का असेना, वस्तीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. मदत गोळा करायची असेल, तर आधी रुग्णाला विचारा.

६. माहिती फुटली तर आधी दवाखान्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. दोष डॉक्टरचा असेल तर तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते.

शेवटची गोष्ट घरातल्यांसाठी. आईचा फॉर्म बहुधा शिकलेली मुलगी भरते, वडिलांचा रिपोर्ट मुलगा वाचतो. शिक्षणाचा हा उपयोग व्हायलाच हवा. पण फॉर्म भरताना जे कळले, ते त्या फॉर्मपुरतेच ठेवायचे, हेही मुलांना शिकवा. सासूला सुनेचे आणि भावजयीला नणंदेचे दुखणे कळायलाच पाहिजे असे नाही. डॉक्टरकडून आणि कंपनीकडून जी अपेक्षा आपण ठेवतो, ती आधी आपल्या उंबऱ्याच्या आत पाळली, तर बाहेर ती ठामपणे मागता येईल.