फरशीखालचं अंगण आणि आपली ‘शांत वस्ती’



गोंदियाच्या गर्दीला कंटाळून मुर्रीकडे घर बांधलं की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, “इकडे किती शांत आहे!” आहे खरं. पण ही शांतता आपण प्लॉटसोबत विकत घेतलेली नाही. ती धानाच्या बांध्यांची, बोड्यांची, मोकळ्या मातीची आहे. आणि घर झालं की आपण पहिलं काय करतो? गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत फरशी नाहीतर पेव्हर ब्लॉक. तुळस कुंडीत, बाकी सगळं सिमेंट.

याला माझा ठाम विरोध आहे.

चिखल नको, साप-विंचू नको, हे ठीक. आपल्या घरांत आणखी एक कारण सांगतात: ओल्या मातीत जीव होतात, पायाखाली मरतात, फरशीवर जयणा पाळता येते. बरोबर, पण ते चालण्याच्या वाटेपुरतं. तीन फुटांची वाट पक्की करा की! जिथे कुणाचं पाऊलच पडत नाही, ती माती झाकून कोणता जीव वाचला? उलट होते ते गाडले गेले. विनाकारण केलेल्या हिंसेला आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात.

आता पाणी. १००० चौरस फुटांच्या छतावर १२०० मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लाख लिटरहून जास्त पाणी होतं. ते सगळं नालीत! पाणी गाळल्यावर जिवाणी जिथलं पाणी तिथेच सोडायची, हा आपला नियम. विहिरीत ते जमायचं, बोअरवेलमध्ये कसं जमणार? मग घेतलेल्या पाण्याची निदान पावसाने तरी परतफेड होऊ द्या. याच भागात कोहळी समाजाने तलाव बांधून पाणी अडवलं, म्हणून जुना भंडारा जिल्हा तलावांचा म्हणून ओळखला गेला. आपण मात्र अंगणातलं पाणीही मुरू देत नाही.

आणि शांतता? नवतप्यात तापलेली फरशी रात्री उशिरापर्यंत झळा मारते, मग खिडकीखिडकीत कूलर घरघरतात. पाणी खोल गेलं की मोटार जास्त वेळ चालते. शांततेसाठी इथे आलो आणि आवाज स्वतःच तयार केला.

पहिल्या पावसाआधी निम्मं अंगण मोकळं करा, छताचा पाइप शोषखड्ड्यात सोडा. अंगण धुवून चकचकीत ठेवणं म्हणजे स्वच्छता असेल, धर्म नव्हे.