तिकीट नसलेला वारसा

18 एप्रिल हा जागतिक वारसा दिन. 2020 साली हा दिवस टाळेबंदीत आला आणि सभागृहांऐवजी पडद्यावर साजरा झाला. त्या वर्षीचे सूत्र होते सामायिक संस्कृती, सामायिक वारसा, सामायिक जबाबदारी. मराठी, कन्नड आणि दखनी एकाच बाजारात ऐकणाऱ्या, बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पण त्याच दिवसांत महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचे रस्ते अडले. देशातला कोविडचा पहिला मृत्यू शेजारच्या कलबुर्गीतला. धास्ती आमच्याकडे लवकर पोचली होती.

त्याआधी, 17 मार्चला, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने आपली 3,691 संरक्षित स्मारके बंद केली होती. त्यांतली तिकीट लावलेली फक्त 143. जुलैत दारे उघडू लागली तेव्हा ई-तिकीट आणि मोजका प्रवेश अशी व्यवस्था आली. ती योग्यच होती. पण उरलेल्या साडेतीन हजार वास्तूंना तिचा काय उपयोग? आणि ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नाही, त्या गावोगावच्या बारवा, वीरगळ आणि पडके मठ यांचे काय?

वारसा जपणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचीही कसोटी होती. वारसाफेऱ्या थांबल्या, व्याख्याने आणि प्रदर्शने थांबली, त्यांवर चालणारी थोडीबहुत मिळकत आटली. तरी अनेकांनी हातपाय गाळले नाहीत. व्याख्याने फोनवर आली, मोडीचे वर्ग घरात भरू लागले. आमच्या मते त्या काळाची खरी कमाई हीच. हुलसूरच्या मुलाला पुण्यातल्या वर्गाला बसायचे म्हणजे एसटीचे भाडे, राहण्याची सोय, बुडालेली मजुरी. तो खर्च एकाएकी उरला नाही. 1956 पर्यंत हैदराबाद संस्थान आणि मग राज्याचा भाग असलेल्या या पट्ट्यात जुन्या ट्रंकांतून मोडी आणि उर्दू कागद अजून निघतात. ते वाचणारा माणूस गावातच तयार होणे किती मोलाचे आहे!

पडद्याने सगळे होत नाही, हेही खरे. बिदर शहराचे नाव 2014 मध्ये जागतिक स्मारक निधीच्या लक्षवेधी यादीत आले, 2020 च्या यादीत दख्खनच्या पारंपरिक जलव्यवस्था आल्या. पण बिदरजवळच्या नौबादच्या करेजसारख्या भुयारी कालव्यातला गाळ काढायला माणसाला खालीच उतरावे लागते. बिदरी कारागिराच्या कलेचे ऑनलाइन कौतुक खूप झाले. गिऱ्हाईक नसलेल्या महिन्यांत त्याची चूल त्यावर पेटली नसती.

आता सभागृहे पुन्हा भरतात, आणि दूरच्या श्रोत्यासाठी जोडणी चालू ठेवण्याचा उत्साह ओसरलेला दिसतो. याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. पुण्या-मुंबईच्या संस्थांनी निदान मोडीचे वर्ग तरी सीमाभागासाठी ऑनलाइन चालू ठेवावेत. जुनी अक्षरे वाचता येण्याचे मोल आमच्याच जिल्ह्यात दिसते. जलसंगीच्या देवळावर शिलालेख लिहिणारी सुंदरी कोरली आहे आणि तिच्या लेखात चालुक्यांच्या सहाव्या विक्रमादित्याचे नाव आहे. तो लेख वाचता आला, म्हणून तिचा काळ कळला. काही काम आमचेही आहे. हुलसूर आता तालुका आहे. इथल्या शाळांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रत्येक गावातल्या जुन्या दगडाचा फोटो, जागा आणि आजची अवस्था एका वहीत नोंदवावी, आणि ती वही मराठीत तशीच कन्नडमध्येही असावी. पहिली पाने उन्हाळ्याच्या सुट्टीतच भरता येतील.