पाळीचे खाते, रक्तवाहिन्यांचे व्याज

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुतणीला घेऊन मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात गेलो होतो. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, ५२व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. तेव्हापासून अशी कामे माझ्याकडे आली. पोरीची पाळी दोन-दोन महिने येत नव्हती, वजन वाढत होते, हनुवटीवर केस दिसू लागले होते. अर्ध्या तासाने ती चिठ्ठी घेऊन बाहेर आली.

"काय म्हणाल्या डॉक्टरबाई?"

"पीसीओएस आहे म्हणाल्या. गोळ्या दिल्या. लग्न ठरलं की पुन्हा या, असं सांगितलं."

"रक्तदाब पाहिला?"

"नाही. बाबांचंही काही विचारलं नाही, काका."

बत्तीस वर्षे मी बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या. मागचे व्यवहार न पाहता कर्ज मंजूर करणाऱ्याला आमच्याकडे लेखी खुलासा द्यावा लागे. इथे मात्र घराण्याचा इतिहास कोराच राहिला!

या विकाराचे वर्णन शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली केले, ते बीजकोशाचा आजार म्हणून. त्या 'गाठी' म्हणजे खरे तर अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपुटिका. पुष्कळ स्त्रियांत मूळ दुखणे वेगळेच असते: शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. इन्सुलिनचे काम केवळ साखरेपुरते नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला ते नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावते आणि त्याने वाहिनी सैलावते. या वायूचे रक्ताभिसरणातले कार्य उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल मिळाले. दंडावर पट्टा आवळून सोडला की धमनी किती रुंदावते, हे सोनोग्राफीने मोजता येते. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत ती कमी रुंदावते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि तेही ऐन तारुण्यात.

हप्ता नव्वद दिवस थकला की खाते बुडीत वर्गात जाते. शहाणा शाखाधिकारी मात्र पहिला हप्ता चुकताच कर्जदाराच्या दारात उभा राहतो. चुकलेली पाळी हा असाच पहिला चुकलेला हप्ता समजायला हवा.

मग औषधांचे काय? मेटफॉर्मिन ही मधुमेहाची स्वस्त गोळी. पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ साली तिचा उपयोग मांडला. १९९४ पासून ती पीसीओएसमध्येही वापरली जाऊ लागली. काही महिने घेतल्यावर धमनीचे रुंदावणे सुधारल्याचे छोट्या चाचण्यांत आढळले. पण हिशेब चोख ठेवायचा तर हेही लिहिले पाहिजे की, या गोळीने अशा स्त्रियांचे हृदयविकाराचे झटके टळतात, हे अजून सिद्ध झालेले नाही. पाळी नियमित करणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या उपयोगी खऱ्या; मात्र त्यांनी काहींचा रक्तदाब चढतो, रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. म्हणूनच त्या सुरू करण्याआधी रक्तदाब मोजायचा असतो. गोळी हे अर्धेच काम. चालणे, खाणे आणि झोप हा उरलेला अर्धा भाग कोणतेही दुकान विकत नाही.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने स्पष्ट सांगितले आहे की, या स्त्रियांना हृदय व रक्तवाहिन्यांचा धोका अधिक समजावा. निदान होताच चरबी व साखर तपासावी, रक्तदाब दरवर्षी पाहावा. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, १८ ते ४० वयाच्या सुमारे दहा हजार स्त्रियांपैकी रॉटरडॅम निकषांनुसार दर पाचांत जवळजवळ एकीला हा विकार आढळला. म्हणजे हे दुखणे आपल्या प्रत्येक वाड्यात, प्रत्येक फ्लॅट स्कीममध्ये आहे.

आणि आपण काय करतो? लग्नाआधी लपवतो, लग्नानंतर अपत्यासाठी धावतो, पाळणा हलला की औषध आणि तपासणी दोन्ही बंद! जणू बाईचे शरीर म्हणजे मूल होईपर्यंतची मुदतठेव. सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तदाब-मधुमेहाची तपासणी मोहीम तिशीपुढच्यांसाठी चालते. बाविशीत निदान झालेल्या मुलीने आठ वर्षे थांबायचे का? पीसीओएसचे निदान झालेल्या प्रत्येक मुलीला, तिशीची अट न लावता, या तपासणीत घ्यावे. त्याला मोठे यंत्र लागत नाही; दंडाचा पट्टा आणि थोडे रक्त पुरते.

तरुण पोरींना उगीच कशाला घाबरवता, असे कुणी म्हणेल. पण वीस वर्षे आधी मिळालेली सूचना ही भीती नव्हे, सवलत आहे. माझ्या भावाला ती मिळाली नाही.

पुतणी आता सकाळी अंबाझरीकडे फिरायला जाते. डॉक्टर बदलले. नव्या फायलीच्या पहिल्याच पानावर तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे: वडील, हृदयविकार, वय ५२.