सूप भिंतीवरून काढा

‘गावरान’ थाळीच्या हॉटेलांत हल्ली भिंतीवर सूप टांगलेले असते. वारली चित्र काढलेले, कडेला गोंडे लावलेले. गावातले सूपही मळणीयंत्र आल्यापासून बरेचसे खुंटीलाच आहे. त्याबद्दल उसासे टाकायचे कारण नाही. खळे सारवा, तिवड्याभोवती बैलांची पात फिरवा, मग वावडीवर उभे राहून हात भरून येईपर्यंत धान्य उफणा. वारा पडला की बसून राहा. हे कष्ट गेले ते बरेच झाले.

पण यंत्राने सगळे काम उचललेले नाही. वारा भूस नेतो, चाळणी लहान-मोठे वेगळे करते. दाण्याएवढा खडा मात्र दोन्हींतून सुटून येतो, डागी दाणाही येतो. तिथे सूप लागते. पाखडले की फोल पुढे उडते, घोळले की खडे एका बाजूला येतात, उरलेसुरले बोटे टिपतात. हे ज्यांच्या मनगटात आहे त्या बायकांना कुशल कामगार म्हणायला अजून कोणी तयार नाही.

सोयाबीनच्या बियाण्यात तर ही हातसफाई पैशांची आहे. सोयाबीनचे साल पातळ. थ्रेशरच्या ड्रमचा मार जास्त बसला की त्याला तडा जातो. डाळ झालेला दाणा दिसतो, बारीक तडा दिसत नाही. तो जूनमध्ये कळतो, पेरलेले उगवले नाही की. २०२० च्या खरिपात अशा तक्रारींचा ढीग लागला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. तेव्हा बोट कंपन्यांच्या बियाण्याकडे होते. त्यावर घरचे बियाणे राखा, हा सल्ला कृषी खाते दरवर्षी देते. बियाण्याच्या मळणीत ड्रमचे फेरे कमी ठेवा, असेही सांगितले जाते. भाड्याचा थ्रेशरवाला ते कशाला ऐकेल? त्याला रात्रीतून आणखी चार शेते उरकायची असतात.

एकराला बियाणे लागते तीसेक किलो. तेवढे काठीने हलके बडवून, सुपाने पाखडून, हाताने निवडून हातावेगळे होण्यासारखे आहे. पेरणीआधी त्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. ७० उगवले तर बियाणे चांगले.

अडचण एकच आहे. कापणीला मजुरी ठरते, मळणीला दर ठरतो. पाखडणी-निवडणी मात्र ‘घरच्या बाया करतील’ यात जाते. महागड्या पिशवीतल्या बियाण्याला किंमत मोजणाऱ्यांनी घरच्या बियाण्यामागच्या या कामालाही मोजावी. येत्या काढणीला बियाण्यापुरते सोयाबीन बाजूला काढा, बुरडाकडून बांबूचे चांगले सूप घ्या आणि पाखडणाऱ्या बाईच्या हातावर कापणीइतकी मजुरी ठेवा, मग ती घरची असो की बाहेरची.