पट्टा काढा, धीर सोडू नका

घरातला पॉमेरेनियन जरा उत्साहात आला की बदकासारखा खोकतो. ‘हाडूक अडकलं असेल’ म्हणून आपण सोडून देतो. मग एक दिवस डॉक्टर एक्स-रे दाखवून सांगतात, श्वासनलिका दबतेय. तिला उघडं ठेवणाऱ्या, इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या कूर्चेच्या कड्या कमकुवत होतात आणि नळी चपटी होते. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा अशा छोट्या जातींत हे जास्त दिसतं.

यावर घरात दोनच सूर निघतात. ‘आता संपलं’ किंवा ‘कुत्रंच आहे, खोकू दे’. दोन्ही चूक. कड्या पूर्ववत होत नाहीत, हे खरं; पण औषधं आणि शिस्तीवर अनेक कुत्री पुढची कित्येक वर्षं नीट जगतात. नळीत स्टेंट बसवायची वेळ थोड्यांवरच येते.

ही शिस्त आपल्याच हातात आहे. गळ्यातला पट्टा काढून छातीला बसणारा हार्नेस घ्या. वजन उतरवा. कसबा बावड्यात फिरवायचं तर उन्हाआधी, सकाळीच. गुऱ्हाळाचा, उदबत्तीचा, सिगारेटचा धूर टाळा. माणसांचं खोकल्याचं औषध मनानं पाजू नका. जीभ किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर लगेच दवाखाना गाठा.

सगळ्यात अवघड काय, तर घरच्यांना पटवणं. ‘आजी, त्याला चहाबरोबर खारी देऊ नको’ हे रोज सांगायला लागतंय. कंटाळा न करता सांगा. त्याचा श्वास त्यावरच चाललाय.