जॉब आधी बसवा तर नीट!

गेल्या वीकांताला घरी, रत्नागिरीला गेलो होतो. मिरजोळे एमआयडीसीत ओळखीच्या एका काकांचं छोटंसं मशीन शॉप आहे, तिथे डोकावलो. (मेकॅनिकल शिकून कोडिंग करणाऱ्याला अशा ठिकाणी जरा अपराधीच वाटतं. असो.) काका मिलिंग मशीनवर एक लोखंडी ठोकळा लावत होते. सहज घड्याळ बघितलं. जॉब बांधायला ११ मिनिटं, कापायला ४!

कॉलेजात आम्हाला हे कोणी दाखवलंच नाही. प्रॅक्टिकल व्हायचं, पण जॉब आधीच व्हाइसमध्ये, म्हणजे आपल्या शेगड्यात, आवळलेला. आपण रांगेने यायचं, हँडल फिरवायचं, जर्नलवर सही घ्यायची. एकदाच मी स्वतः आवळला. जबड्यांत जेमतेम ५ मिमी पकड. कटर टेकला आणि ठोकळा उडून भिंतीवर आपटला. दोन मिनिटांपूर्वी माझा पार्टनर तिथेच उभा होता. आणि तोंडी परीक्षेत विचारलं काय, तर अप मिलिंग आणि डाउन मिलिंगमधला फरक!

आता काका काय करतात बघा. आधी व्हाइस ब्रशने साफ, कारण एक चिप जरी खाली राहिली तरी जॉब तिरका बसतो. मग कडांची बर कानशीने काढायची. खाली सारख्या उंचीच्या दोन पॅरलल पट्ट्या, त्यावर जॉब. सपाट झालेली बाजू स्थिर जबड्याला, आणि सरकता जबडा व जॉब यांच्यामध्ये गोल सळीचा एक तुकडा आडवा. हा कशाला? तर ती बाजू अजून ओबडधोबड असते. सपाट जबडा तिच्यावर दाबला की जॉब तिच्या कलाने वळतो. सळी एकाच रेषेत दाबते, त्यामुळे तो स्थिर जबड्याला मुकाट चिकटतो. आवळताना सरकता जबडा किंचित वर उचलतो, सोबत जॉबही. म्हणून नरम हातोड्याने ठोकून खाली बसवायचा आणि पट्ट्या बोटाने हलवून बघायच्या. हलली, की पुन्हा पहिल्यापासून.

"काका, एवढा वेळ परवडतो?"

"मेल्या, बोट परवडतं काय?"

माझं तर स्पष्ट मत आहे, प्रॅक्टिकलचे निम्मे मार्क जॉब बांधण्याला द्या. मशीन एक आणि पोरं साठ, ही सबब मला पटत नाही. बांधायला शिकायला मशीन लागतंय कुठे? टेबलावर चार व्हाइस ठेवा, परीक्षकाने येऊन पट्टी हलवून बघावी, झालं. कोणी म्हणेल आता सगळं सीएनसीवर होतं. अहो, साध्या सीएनसीला जॉब सैल आहे हे कळतही नाही, प्रोग्रॅम आपला पुढे चालूच. (प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा भरवसा मला विचारू नका.)

निघताना काकांनी मलाच एक ठोकळा बांधायला लावला. आवळला, ठोकला, पट्ट्या बघितल्या. डावी हलत होती. सोडला, पुन्हा बांधला. आता उजवी. चहा येऊन गार झाला तरी काका काही मशीन चालू करू देईनात.